गवत कापणाऱ्या यंत्रांकरितां हत्यारांची फिरती पेटी

पावसाळ्याचे चार महिने हे बागाईतदाराच्या दृष्टीनें गवताशीं झगडण्याचे महिने होत. मृगाचा पाऊस पडला कीं आंबराईंत, काजूच्या उतारावर, संत्र्यांच्या व द्राक्षांच्या ओळींमध्यें गवत डोकें वर काढतें आणि थोड्याच दिवसांत गुडघ्यापर्यंत येतें. हें गवत समूळ उपटावें तर उतारावरची माती धुपून जाते. तसेंच ठेवावें तर तें झाडांच्या बरोबरीनें खत खातें आणि बीं धरून पुढच्या वर्षाची पेरणी आपली आपणच करून ठेवतें. म्हणून तें बीं धरण्यापूर्वीं कापावें व कापलेलें गवत झाडाच्या आळ्यांत, खोडापासून थोडें दूर, आच्छादन म्हणून पसरावें, ही रीत पुष्कळ बागाईतदारांस पटली आहे. मजुरांच्या टंचाईमुळें हें काम विळ्या-खुरप्यानें वेळेवर उरकत नाहीं, आणि म्हणूनच पेट्रोलवर चालणारीं गवत कापण्याचीं यंत्रें खेडोपाडीं आलीं आहेत. कांहीं ठिकाणीं शेतकऱ्यांचे तरुण मुलगे अशीं दोन-तीन यंत्रें बाळगून शेजारच्या बागा, शाळांचीं पटांगणें व शहराजवळच्या बंगल्यांच्या हिरवळी ठरावीक दरानें कापून देण्याचा धंदाही करूं लागले आहेत.

यंत्र आलें, पण यंत्राचा लोहार आला नाहीं, ही आजची अडचण आहे. नांगराचा फाळ बोथट झाला तर तो गांवच्या लोहाराकडे जात असे. कुळवाची दांडी मोडली तर सुतार होता. बलुतेदारीची ती व्यवस्था चांगली कीं वाईट हा प्रश्न निराळा. परंतु हत्यार व तें दुरुस्त करणारा हे दोघे एकाच शिवारांत नांदत होते. इंजिनाचा कारागीर तालुक्याच्या गांवीं बसतो. प्लग काजळला, ओढण्याची दोरी तुटली किंवा एखादा नट गळून पडला, तर काम दहा मिनिटांचें असतें. परंतु हाताशीं पाना नसल्यामुळें यंत्र गाडींत घालून तालुक्याला न्यावें लागतें, आणि भर हंगामांत तेथें दुसऱ्यांचीं यंत्रें आधींच रांगेंत उभीं असतात. तेवढ्यांत इकडे गवत बीं धरतें, आणि काम दुसऱ्याचें घेतलेलें असेल तर शब्द मोडतो. दुसरी हानि याहून मोठी आहे. योग्य हत्यार नसलें म्हणजे भलत्याच हत्यारानें व भलत्याच रीतीनें काम उरकण्याचा मोह होतो. पकडीनें नट फिरवला जातो, अडकलेलें गवत काढण्यास टोपाखालीं हात घातला जातो. पहिल्यानें यंत्र जातें, दुसऱ्यानें बोटें जातात.

या दोन्ही हानि टाळतां याव्या म्हणून, यंत्राबरोबर बागेंत नेतां येईल अशी हत्यारांची पेटी कशी जमवावी, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

यंत्रांच्या तीन जाति

हिरवळ कापण्याच्या यंत्राचें मूळ इंग्लंडांत आहे. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवाजवळ राहणाऱ्या एडविन बडिंग या कारागिरानें १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावर उभी राहिलेली लव कापून सारखी करण्याचें जें यंत्र तिकडच्या गिरण्यांत होतें, त्यावरून त्यास ही कल्पना सुचली असें मानतात. स्क्रू फिरवून तोंड लहानमोठें करतां येणाऱ्या पान्याच्या एका प्रकाराचें श्रेयही याच बडिंगला दिलें जातें. यंत्र घडवणारा मनुष्य पान्याचाही विचार करीत होता, ही गोष्ट यंत्र वापरणारांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

बडिंगच्या जातीच्या यंत्रांत पीळ दिलेलीं पातीं रुळासारखीं फिरतात व खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीप्रमाणें गवत कापतात. तीं क्रिकेटच्या मैदानास व नाजूक हिरवळीस योग्य; बागेच्या राठ गवतास तीं उपयोगी नाहींत. दुसरी जात चाकांवरच्या यंत्राची. तींत पत्र्याच्या टोपाखालीं एक आडवें पातें अतिशय जोरानें फिरतें आणि त्या वेगाच्या बळावर गवत तोडतें. इंजिन बहुधा चार फेऱ्यांचें, म्हणजे वंगण तेल निराळ्या जागीं ठेवणारें, असतें. तिसरी जात खांद्यावर पट्ट्यानें अडकवून चालवण्याच्या यंत्राची. बांध, उतार व झाडांच्या बुंध्यांभोवतालची जागा यांस तें सोयीचें पडतें. याचें इंजिन बहुधा दोन फेऱ्यांचें असून त्याचें वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें. आमची पेटी मुख्यतः या दुसऱ्या व तिसऱ्या जातींकरितां आहे.

पेटी यंत्रावरून ठरवावी

बाजारांत शंभर नगांच्या तयार पेट्या मिळतात. त्या दिसावयास सुंदर असतात. पण त्यांतील निम्मीं हत्यारें आपल्या यंत्रास कधींच लागत नाहींत, आणि जें एक नेमकें लागतें तें त्यांत नसतें. म्हणून पेटी दुकानावरून न ठरवतां यंत्रावरून ठरवावी. त्याची रीत अशी:

पावसाळ्यापूर्वीं एखाद्या मोकळ्या दिवशीं यंत्र स्वच्छ पुसून अंगणांत ठेवावें. वही घेऊन तींत तीन रकाने आंखावे. पहिल्या रकान्यांत यंत्रावरील प्रत्येक नट, बोल्ट व स्क्रूची जागा लिहावी; दुसऱ्यांत त्यास बरोबर बसणाऱ्या पान्याचें माप; आणि तिसऱ्यांत तो किती वेळां उघडावा लागतो तें. जें आठवड्या-पंधरवड्यास उघडावें लागतें, किंवा जें सैल झाल्यास यंत्र जागच्या जागीं थांबतें, त्याचें हत्यार फिरत्या पेटींत जावें. जें हंगामांतून एकदां उघडतें त्याचें हत्यार घरच्या फळीवर राहावें. जें कधींच उघडूं नये, म्हणजे इंजिनाचें डोकें, कार्बोरेटरचीं बारीक भोकें व गतिनियंत्रकाची जुळणी, तें कारागिराचें काम होय. त्याचें हत्यार आपण बाळगूंच नये. असें केल्यानें एका दुपारींत पेटीची यादी तयार होते व ती आपल्याच यंत्राची असते. पेटीचें वजन सात-आठ किलोंच्या आंत ठेवावें. त्याहून जड पेटी बांधावरून चालत नेण्याचा कंटाळा येतो, ती घरींच राहते, आणि घरीं राहिलेली पेटी नसल्यासारखीच होय.

मापांचा घोटाळा

पाने विकत घेतांना सर्वांत मोठी चूक मापाची होते. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं गेलीं, व आज बहुतेक यंत्रांचे बोल्ट मिलिमीटरांत असतात. सामान्यतः ५ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास ८ चा पाना लागतो, ६ च्यास १० चा आणि ८ च्यास १३ चा; मात्र जपानी घडणीच्या पुष्कळ यंत्रांत ८ च्या बोल्टाचें डोकें १२ चें असतें. १० च्या बोल्टास १७ चा, व कांहीं ठिकाणीं १६ चा किंवा १४ चा पाना बसतो. म्हणून बोल्टाच्या जाडीवरून अंदाज न करतां प्रत्यक्ष बसवून पाहावें.

अमेरिकन घडणीच्या कित्येक इंजिनांवर अद्याप इंचांचे बोल्ट आहेत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर व ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणून तेथें अनुक्रमें ८ चा व १९ चा पाना चालतो. परंतु १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो खरा, पण तो सैल असतो. दोन-चार वेळां जोर लावला कीं बोल्टाचे कोपरे गोल होतात व मग तो कोणत्याच पान्यास दाद देत नाहीं. अशा यंत्राकरितां ३/८, ७/१६, १/२ व ९/१६ इंच हे चार पाने निराळे घ्यावे.

ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळच्या तेल-इंजिनाचे पाने पडून आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावर जो आंकडा असतो तो बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. ते पाने जपून ठेवावे, परंतु या पेटींत मिसळूं नयेत.

पेटींतील हत्यारें

वरील रीतीनें ज्यानें त्यानें आपली यादी करावयाचीच आहे. तथापि तुलनेस उपयोगी पडावी म्हणून एका चाकांच्या व एका खांद्यावरच्या यंत्रास पुरेल अशी यादी आम्ही देतों.

१. एका टोंकास उघडें तोंड व दुसऱ्या टोंकास कडें असलेले पाने: ८, १०, १२, १३, १४, १७ व १९. नट सोडवतांना प्रथम कड्याचें टोंक लावावें. तें सर्व कोपऱ्यांस धरतें. नट सैल झाल्यावर उघड्या तोंडानें भराभर फिरवावा.

२. प्लगपाना. चाकांच्या यंत्राच्या प्लगास पुष्कळदां २१ चा, व खांद्यावरच्या यंत्राच्या प्लगास बहुधा १९ चा लागतो. कांहीं नव्या इंजिनांत १६ चा असतो.

३. चपटे दोन व चौफुलीचे दोन स्क्रू-ड्रायव्हर. कांहीं युरोपीय घडणीच्या खांद्यावरच्या यंत्रांवर सहा पाकळ्यांच्या ताऱ्यासारख्या खांचेचे स्क्रू असतात. त्यांस २७ क्रमांकाची किल्ली लागते. दुसऱ्या कशानेंही ते उघडूं नयेत.

४. षट्कोनी किल्ल्या: ४, ५ व ६ मिलिमीटर.

५. एक साधी पकड व एक लांब चोंचीची.

६. अर्धा किलोची हातोडी.

७. सुमारें हातभर लांब, पातें अडवण्यापुरता जाड असा बाभळीचा किंवा सागाचा ठोकळा. हा फुकट मिळतो, पण पेटींतील अत्यंत मोलाची वस्तु हीच.

८. एकेरी दात्यांची सपाट कानस, मुठीसह. नुसत्या शेपटाची कानस तळहातांत घुसते. मुठीवांचून ती वापरूं नये.

९. फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा जुडगा.

१०. तारेचा ब्रश, दांत घासण्याचा जुना ब्रश व टोपांत चिकटलेलें गवत खरवडण्यासाठीं लांकडी पट्टी.

११. नरसाळें, गाळावयाचें दाट कापड, तेलाचें मापी भांडें व सुती फडकीं.

१२. डोळ्यांचा संरक्षक चष्मा, जाड हातमोजे, आणि एका डबींत पट्टी, कापूस व जंतुनाशक औषध.

सरकत्या तोंडाचा पाना यादींत मुद्दाम घातला नाहीं. तो एक लहानसा जवळ असावा, पण अडचणीपुरता. त्याचें सरकतें तोंड जोरांत किंचित् मागें सरते व नटाचे कोपरे खातें. ज्याच्या पेटींत तो सर्वांत झिजलेला दिसेल, त्याच्याकडे बाकीचे पाने अपुरे आहेत असें समजावें.

पात्याचें काम

पात्याशीं संबंध असलेल्या कोणत्याही कामापूर्वीं इंजिन थांबवून, पातें स्थिर झाल्यावर, प्लगावरची तार काढून बाजूस बांधून ठेवावी. हा नियम निरपवाद आहे. पातें हातानें फिरवलें म्हणजे इंजिनही फिरतें, आणि आंत पेट्रोलची वाफ व ठिणगी यांची गांठ पडली तर इंजिन एक झटका घेऊं शकतें. बोटें जाण्यास तेवढा झटका पुरे. विजेच्या घटावर चालणाऱ्या यंत्रांत याच कारणास्तव घट आधीं बाहेर काढावा.

चाकांचें यंत्र आडवें करावयाचें तर हवेच्या गाळणीची व कार्बोरेटरची बाजू वर राहील असें करावें. उलट केल्यास तेल गाळणींत शिरतें, आणि मग इंजिन चालूं होईना असा नवाच रोग उत्पन्न होतो. टाकी भरलेली असल्यास पेट्रोल सांडतें, म्हणून हें काम टाकी जवळजवळ रिकामी असतांना करावें.

हातमोजे घालून, पातें व टोप यांच्यामध्यें ठोकळा अडकवून मधला बोल्ट सोडवावा. खांद्यावरच्या यंत्रांत दांतेरी पेटीच्या भोंकांत कांडी घालून पातें अडवावें. आणि तेथील नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें सुटतो, हें विसरूं नये. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें तो सोडवण्याच्या प्रयत्नांत आणखी घट्ट करून आटे मोडले जातात.

धार लावतांना मूळचा उतार, जो साधारण ३० अंशांचा असतो, तोच कायम ठेवावा. कानस एकाच दिशेनें, पुढें ढकलतांना दाबावी. वस्तऱ्यासारखी पातळ धार लावूं नये. ती पहिल्याच दगडावर दुमडते. दोन्ही टोंकांस सारखेच हात द्यावे. नंतर भिंतींत आडवा खिळा मारून पात्याचें मधलें भोंक त्यावर अडकवावें. जें टोंक खालीं झुकेल तें जड. त्या बाजूस आणखी थोडें घासावें. तोल बिघडलेलें पातें यंत्रास हादरे देतें, हादऱ्यांनीं नट सैल होतात व इंजिनाच्या दांड्याच्या बेअरिंगा झिजतात. बोथट पात्याची ओळख गवतावरच होते: कापलेलीं टोंकें चिरफाळलेलीं दिसतात व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पिंगट पडतात.

वांकलेलें पातें ठोकून सरळ करूं नये आणि तडकलेल्यास सांधा मारूं नये. त्या वेगानें फिरतांना तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. तें भंगारांत घालावें व नवें आणावें. बोल्ट परत बसवतांना तो पुरेसा आवळला पाहिजे. कित्येक यंत्रांच्या पुस्तिकेंत ५० ते ६० न्यूटन-मीटर इतका पीळ सांगितलेला असतो. म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोंकास सुमारें सतरा ते वीस किलोंचा जोर. आपल्या यंत्राचा आंकडा पुस्तिकेंत पाहून तो वहींत लिहून ठेवावा.

इंजिन चालूं होईना तेव्हां

इंजिनास हवा, पेट्रोल व ठिणगी या तीन गोष्टी लागतात. बिघाडाचा शोध याच तिहींत, सोप्याकडून कठिणाकडे, घ्यावा.

प्रथम टाकींत पेट्रोल आहे ना, तोटी उघडी आहे ना व झाकणाचें वाऱ्याचें भोंक बुजलेलें नाहीं ना, हें पाहावें. भोंक बुजलें असतां इंजिन थोडा वेळ चालून बंद पडतें, आणि झाकण सैल करतांच पुन्हां चालतें. नंतर हवेची गाळणी काढावी. ती स्पंजाची असेल तर साबणाच्या कोमट पाण्यांत धुवून, पूर्ण वाळवून, वंगण तेलाचे थोडे थेंब चोळून पिळावी. कागदाची असेल तर हलकेच आपटून धूळ झाडावी, ती भिजवूं नये. गाळणीवांचून यंत्र एक तासही चालवूं नये. बागेंतील धूळ ही दट्ट्यास कानशीसारखी आहे.

मग प्लग काढावा, कारण प्लग हा इंजिनाची जीभ आहे. वैद्य जिभेवरून पोटाचा अंदाज करतो, तसा प्लगावरून इंजिनाचा करावा. पुष्कळदां दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला चिंब असेल तर पेट्रोल जास्त झालें किंवा ठिणगी नाहीं. काळ्या काजळीनें भरला असेल तर हवा कमी पडते. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति उत्तम. प्लग ब्रशानें साफ करून फट मोजावी. चार फेऱ्यांच्या इंजिनांत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, दोन फेऱ्यांच्या कित्येक इंजिनांत ०.५ असते. ठिणगी पाहावयाची असल्यास प्लग तारेस जोडून, दांडीवरच्या मुठीच्या पकडीनें धरून, त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावे व दोरी ओढावी. परंतु आसपास पेट्रोल सांडलेलें नसावें, प्लगाच्या भोंकापासून तो दूर धरावा, आणि पातें फिरणार आहे म्हणून पाय लांब ठेवावे.

पातें दगडावर किंवा खुंटावर जोरानें आदळून यंत्र बंद पडलें, आणि नंतर तें दोरीस झटके देऊं लागलें, तर इंजिनाच्या जड चाकाची लहान पाचर कापली गेली असण्याचा संभव असतो. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे मोठा दांडा वांचावा. येथें बागेंत वेळ न घालवतां यंत्र कारागिराकडे पाठवावें. कोठें थांबावें हें कळणें हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

पेट्रोल व तेल यांविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. आज मिळणाऱ्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें आपल्याच उंसापासून व धान्यापासून होतें हें खरें. पण तें ओल ओढून घेतें, आणि पावसाळ्यांत महिनाभर टाकींत राहिलेलें पेट्रोल कार्बोरेटरमध्यें घाण धरतें. म्हणून लागेल तेवढेंच पेट्रोल आणावें व हंगाम संपतांच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. दोन फेऱ्यांच्या इंजिनास पुस्तिकेंत १ भागास ५० सांगितलें असल्यास एक लिटर पेट्रोलांत २० मिलिलिटर तेल, १ भागास ४० असल्यास २५, व १ भागास २५ असल्यास ४० मिलिलिटर तेल घालावें. हें मापानेंच घालावें, नजरेनें नव्हे. चार फेऱ्यांच्या इंजिनाचें तेल रोज सकाळीं, यंत्र सपाट जागीं व थंड असतांना पाहावें. नव्या यंत्राचें पहिलें तेल पुस्तिकेप्रमाणें लवकर बदलावें, व पुढें साधारणतः दर ५० तासांनीं बदलावें.

सुटे भाग

हत्यार आहे पण भाग नाहीं, अशी स्थिति होऊं नये म्हणून एका खणाखणाच्या डब्यांत पुढील वस्तु ठेवाव्या: प्रत्येक इंजिनाचा एक नवा प्लग, पेट्रोलची गाळणी व हातभर नळी, जुन्या दोरीइतक्याच लांबी-जाडीची ओढण्याची दोरी, पात्याचा एक बोल्ट वायसरासह, ६ व ८ मिलिमीटरचे कांहीं नट-बोल्ट, दुभंगत्या खिळा, मऊ तार, विजेची चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि खांद्यावरच्या यंत्राचा कापण्याचा नायलॉन दोरा. जो भाग वापरला जाईल तो त्याच आठवड्यांत परत भरावा.

पेटीची रचना

लोखंडी पेटी मजबूत असते, पण जड असते व दमट हवेंत आंतून गंजते. आमच्या मतें पान्यांकरितां जाड किंतानाची, खण शिवलेली गुंडाळी करावी; ती घरीं शिवतां येते. प्रत्येक खणावर त्या पान्याचा आंकडा रंगानें लिहावा. गुंडाळी, सुट्या भागांचा डबा व बाकीचीं हत्यारें अशीं तिन्हीं एका हलक्या लांकडी पेटींत बसवावीं. पेट्रोल मात्र या पेटींत कधींही ठेवूं नये. त्यास झाकणाचा निराळा, पेट्रोलकरितांच केलेला डबा असावा, पाण्याची बाटली नव्हे. टाकी भरतांना इंजिन थंड होऊं द्यावें व विडी-काडी दूर ठेवावी.

हत्यारांच्या मुठींस लाल रंग द्यावा. हिरव्या गवतांत पडलेला काळा पाना सांपडत नाहीं, आणि तोच पुढच्या कापणींत पात्याखालीं येतो. यंत्र उघडतांना शेजारीं कांठाची परात ठेवावी व निघालेला प्रत्येक नट तींतच टाकावा. जुन्या लाऊडस्पीकरांतील चुंबक परातीखालीं ठेवल्यास धक्क्यानेंही कांहीं सांडत नाहीं. काम संपल्यावर गुंडाळींतील खण मोजावे. रिकामा खण दिसला तर हत्यार सांपडेपर्यंत यंत्र चालूं करूं नये. घरीं आल्यावर हत्यारें पुसून त्यांस तेलाचा हात द्यावा.

पेटीच्या झाकणांत एक वही असावी. तींत तारीख, यंत्र किती तास चाललें, तेल केव्हां बदललें, धार केव्हां लावली, कोणता भाग घातला, एवढें लिहावें. जो शेतकरी म्हशीच्या विण्याची तारीख लिहून ठेवतो त्यास हें जड नाहीं. ज्यानें यंत्र भाड्यानें चालवण्याचा धंदा धरला आहे त्यास तर ही वहीच सांगेल कीं, आपण मागतों त्या दरांत यंत्राची झीज भरून येते कीं नाहीं.

सोसायट्यांस सूचना

कांहीं हत्यारें एकट्यानें घेण्याजोगीं नाहींत: पीळ मोजणारा पाना, धार लावण्याची विजेवरची सहाण, चाक ओढून काढण्याचें साधन, इंजिनाचा दाब मोजण्याचें घड्याळ. हीं वर्षांतून दोन-चार वेळांच लागतात. अशांची एक मोठी पेटी सोसायटीनें घेऊन गोदामांत ठेवावी, नांव लिहून सभासदांस द्यावी व रोहिणी लागण्यापूर्वीं एक दिवस सर्व यंत्रें एकत्र आणून तेल, धार व प्लग यांचें काम जाणत्याच्या देखरेखीखालीं उरकावें. त्यांत पैसा वांचतो हें खरेंच. पण त्याहून मोठा लाभ असा कीं, गांवांतलीं चार मुलें यंत्राचें पोट पाहून शिकतात.

यंत्र घेतांना आपण पुष्कळ चौकशी करतों, चार दुकानें हिंडतों, दरांत घासाघीस करतों. त्याच दिवशीं, त्याच खरेदींत, त्याच्या पान्यांची सोय करावी असें आमचें सांगणें आहे. बैल घेतला म्हणजे दावें व वैरण हीं त्याबरोबर येतात. यंत्राची पेटी ही तशीच यंत्राबरोबर आली पाहिजे. ज्या वाचकांनीं आपल्या यंत्राची तीन रकान्यांची यादी तयार केली असेल त्यांनीं ती सोसायटीच्या कचेरींत दाखवावी. एकाच जातीचीं यंत्रें असलेल्या शेजाऱ्यांस ती जशीच्या तशी उपयोगी पडेल.